वेळ अमावास्या आणि तीन दगड

मराठवाड्याचा दगड म्हटला की डोळ्यांपुढे काळा दगडच उभा राहतो. वेरूळची लेणी त्याची, दौलताबादचा ताशीव कडा त्याचा; खेड्यांतल्या वाड्यांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि घरोघरचे पाटे-वरवंटेही त्याचेच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यांतून हा प्रदेश घडला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु या काळ्या दगडाच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. लातूर जिल्ह्याच्या निलंगा-उदगीर भागात त्याच्या डोक्यावर तांबड्या जांभ्याची टोपी आहे. पूर्वेकडे नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीपर्यंत जावे, तर हा काळा थर पातळ होत होत संपतो आणि त्याच्या पोटाखाली दडलेला अतिप्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. एका दिवसाच्या मोटारप्रवासात माणूस पृथ्वीच्या जिन्याच्या तीन पायऱ्या उतरतो. मात्र त्यासाठी एक अख्खा दिवस मोकळा मिळावा लागतो, आणि व्यापाऱ्याच्या पंचांगात तोच दुर्मीळ.

लातूरच्या पाच मित्रांना तो मिळाला वेळ अमावास्येला. मार्गशीर्षातली ही अमावास्या म्हणजे लातूर-धाराशिव भागाचा स्वतःचा सण. त्या दिवशी सारे शहर शेतात जाते. सोळा रस्त्यांच्या गंजगोलाईत एरवी पाऊल ठेवायला जागा नसते. तिथे त्या दिवशी एखादी गाय रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेली दिसते. आडत बंद, मोंढा बंद, फोनही बंद असल्यासारखाच. कारण ज्याला फोन करायचा तो हिरव्या ज्वारीच्या पाटात आंबील पीत बसलेला असतो.

पाच जणांची ओळख त्यांच्या धंद्यावरूनच करून देणे सोयीचे. एक तुरीचे आडतदार, एक कापडवाले, एक औषधांचे ठोक विक्रेते, आणि एक टाइल्स-ग्रॅनाइटचे दुकानदार, ज्यांना मित्रमंडळात सगळे 'फरशीवाले' म्हणत. पाचवे म्हणजे भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वयाने वडील, म्हणून त्यांना सगळे 'सर' म्हणत. आणि मोटारीत पुढची जागा मागून घेण्याचा मान त्यांचा. दोघे स्थानकवासी, तिघे दिगंबर. त्यामुळे डबे भरतानाच घरच्या मंडळींत विचारविनिमय झाला होता. थेपले, खाकरे, गट्ट्याची भाजी, लसणाविना शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि उकळून गार केलेल्या पाण्याची मोठी कळशी. हिरवी भाजी नाही, कारण कापडवाले अमावास्येला ती वर्ज्य करीत. सायंकाळचे जेवण कोठेही असो, सूर्यास्तापूर्वी उरकायचे, एवढी एकच अट सर्वांना बंधनकारक होती.

पहाटे सहाला निघालेली मोटार औशावरून निलंग्याच्या रस्त्याने खरोशाला पोहोचली तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. खरोशाचा डोंगर दुरून अगदी सामान्य वाटतो. जवळ गेल्यावर मात्र लक्षात येते की इथला दगड काळा नाही. तो विटकरी आहे, आणि भाकरीला भोके पडावीत तशी त्याला सर्वत्र भोके आहेत. हा जांभा. काळा दगड लाखो वर्षे ऊन-पावसात कुजत राहिला, त्यातली विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर वाहून गेली आणि मागे लोह व अॅल्युमिनियमचा तांबडा सांगाडा उरला. ओला असताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा लागला की घट्ट होतो. कोकणात त्याचे चिरे काढतात. शेजारच्या बिदरच्या किल्ल्याचे खंदक त्यातच खोदलेले आहेत. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ साली त्याला 'लॅटेराइट' असे नाव दिले, ते लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून. सरांनी हे सांगितल्यावर फरशीवाल्यांनी लगेच त्या दगडावर नखाने ओरखडा काढून पाहिला आणि "हा माल आपल्याकडे चालणार नाही," असा निर्वाळा दिला.

सहाव्या शतकाच्या सुमारास कोणा कारागिरांना मात्र तो चालला. खरोशाच्या डोंगरात बारा लेणी आहेत. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण अशा मूर्ती भिंतींवर कोरलेल्या आहेत. पण वेरूळ पाहून आलेल्या माणसाने इथे नाक-डोळे शोधू नयेत. जांभ्याने ते जपलेले नाहीत. चेहरे पुसट झाले आहेत, बोटे गळून पडली आहेत, आणि तरीही उभे राहण्याची ढब, खांद्याचा बाक, उगारलेल्या हाताचा आवेश शिल्लक आहे. सकाळचे तिरपे ऊन आत येते तेव्हा पुसट रेषा क्षणभर जिवंत होतात. जेम्स बर्जेस १८७५-७६ च्या मोहिमेत या मुलखात फिरला आणि १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याने खरोशाची नोंद केली. त्याच अहवालात धाराशिवची लेणीही आहेत, जिथली पार्श्वनाथांची मूर्ती पाहायला जैन यात्रेकरू आजही जातात. धाराशिवला जाणारी बस दरवर्षी भरते; खरोशाला मात्र लातूरचा माणूससुद्धा क्वचितच येतो, ही गोष्ट थोडी खटकतेच.

लेण्यांत पाय ठेवताना मंडळी जयणा पाळत होती. कोपऱ्यांत वटवाघळे, छताच्या भोकांत गांधीलमाशा आणि जमिनीवर मुंग्यांची लांबलचक रांग. आडतदारांचे देहमान भरदार. त्यांना मुंग्या ओलांडताना एका पायावर बराच वेळ तोलून उभे राहावे लागले, आणि त्यांचे ते आसन पाहून बाकीच्यांना हसू आवरेना. कापडवाल्यांनी पांढरा सदरा घालून येण्याचे धाडस केले होते. भिंतीला एकदा टेकल्यावर पाठीवर तांबड्या धुळीचा असा ठसा उमटला की रंगारीही तो पक्का म्हणून विकता ना. नवकारशीची वेळ होऊन गेली होती. बाहेरच्या कातळावर खाकऱ्याचे डबे उघडले गेले.

डोंगरावरून दक्षिणेकडे दूरवर माळ दिसतो. त्या बाजूला किल्लारी. सरांनी हात करून दिशा दाखवली. औषधवाले तेव्हा कळशीतले पाणी पेल्यांत ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही, आणि कोणाच्या ते ध्यानातही आले नाही.

निलंगा मागे पडले. देवणीमार्गे उदगीरकडे जाणारा रस्ता त्या दिवशी शेतांतून नव्हे, जणू एका लांबलचक लग्नमांडवातून जात होता. दर शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी, कोपीत चुना लावलेले पाच दगड. ते पांडव. त्यांना हळदकुंकू, आंबील, बाजरीचे उंडे आणि डाळी-शेंगा-पाल्याच्या भज्जीचा नैवेद्य. सणाचा नियम असा की रस्त्याने जाणारा कोणीही असो, त्याला जेवायला बोलवायचे. आडतदारांची तर पंचाईतच झाली. तीस वर्षे याच गावांची तूर त्यांच्या काट्यावर आलेली. ओळख न देता पुढे जाणार कसे? चार ठिकाणी मोटार थांबली. चारही ठिकाणी "शेठ, भज्जी नाही खात तर निदान गूळ-शेंगा तरी खा," असा आग्रह झाला. चौथ्या शेतातल्या म्हातारीने तर सरळ सांगितले, "तुमच्यासाठी लसूण नाही घातला म्हणून खोटं सांगू का? घातलाय. पण ऊस तर चालतो ना?" ऊस चालला. पाची जण बांधावर बसून ऊस खाऊ लागले, आणि तुरीच्या भावाविषयी त्या दिवशी एकही शब्द निघाला नाही. तो निघाला असता तर सण मोडला असता.

उदगीर मात्र धावतेच पाहिले. १७६० साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला तो या परिसरात; किल्ला भक्कम आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस द्यायला हवा. देवर्जनजवळचे हत्तीबेटही बाजूलाच राहिले. तिथे गंगाराम महाराजांची समाधी आहे, कोरीव गुहा आहेत आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी झालेल्या झुंजीची आठवण आहे. सगळेच एका दिवसात बसत नाही. सरांचे सारे लक्ष पुढच्या उताराकडे होते.

उदगीर सोडून देगलूरकडे निघाले की रस्ता पठारावरून खाली उतरू लागतो. आधी जांभ्याची तांबडी माती मागे पडते. मग काळी जमीन आणि काळ्या दगडाचे बांध लागतात. आणखी पुढे, देगलूरच्या आसपास, जमिनीचा रंग फिका होतो, मातीत वाळूची कचकच येते, आणि शेतांच्या मधोमध अचानक गोल गुळगुळीत प्रचंड दगड दिसू लागतात. पहिला दिसतो तेव्हा वाटते, कोणीतरी आणून ठेवला असेल. दहावा दिसला की वाटते, नाही. आपणच कोणा अवाढव्य प्राण्यांच्या बाजारात शिरलो आहोत.

तेलंगणाच्या सीमेकडे जाणाऱ्या वाटेवर एका टेकाडाशी मोटार थांबली. टेकाड कसले, दगडांची रासच ती. खोलीएवढे दगड, घराएवढे दगड; काही एकमेकांना टेकलेले, काही एकमेकांवर चढलेले. रंग राखाडी, पण जवळून पाहिले तर त्यात गुलाबी कण, पांढरे कण आणि अभ्रकाचे चमकते पापुद्रे. एका दगडावर दुसरा असा ठेवलेला की दोघांमधून पलीकडचे आकाश दिसे.

नावे ठेवण्याचा खेळ आपोआप सुरू झाला, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत त्याचाच धंदा उतरला. आडतदारांना गोण्यांची थप्पी दिसली. तीसुद्धा नवख्या हमालाने लावलेली, वरची गोणी बाहेर आलेली. कापडवाल्यांना एका उभ्या चिरेत तागे रचलेले दिसले. एका बुटक्या, पोट सुटलेल्या, मान नसलेल्या दगडाला सर्वानुमते 'मुनीमजी' हे नाव मिळाले. कारण तो कोणाकडेही न बघता सर्वांचे सर्व ऐकत असल्यासारखा वाटत होता. फरशीवाले मात्र खेळात नव्हते. ते हाताची वीत टाकून एका दगडाची लांबी-रुंदी मोजत होते.

"एका दगडात किती ओटे निघतील, बोल," आडतदारांनी विचारले.

"पॉलिश धरून सांगू, की बिनपॉलिश?" फरशीवाल्यांनी गंभीरपणे विचारले.

त्यावर कापडवाल्यांनी धर्मशास्त्राचा मोर्चा उघडला. उपासकदशांग सूत्रात श्रावकाला वर्ज्य सांगितलेली पंधरा कर्मादाने आहेत. त्यांत स्फोटकर्म येते, प्राकृतात फोडीकम्मे. म्हणजे जमीन फोडणे, दगड फोडणे. "दगड म्हणजे पृथ्वीकाय जीव. तुझं कसं होणार?" फरशीवाल्यांचे उत्तर तयारच होते, आणि ते बहुधा अनेकदा देऊन गुळगुळीत झाले होते: "फोडणारे दुसरे. माझ्या दुकानात येईतो दगड अचित्त झालेला असतो." सर हसले. "आणि फोडायला कोण सांगतं? गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक कोण?" गेल्याच वर्षी नव्या घराला चकचकीत ग्रॅनाइट बसवून घेतलेल्या आडतदारांनी यावर आकाशाकडे पाहिले.

सर मग बोलू लागले, आणि त्यांनी पहिल्यांदा सांगितले ते हे की या दगडांवर दगड कोणी चढवलेला नाही. ही सगळी एकसंध ग्रॅनाइटची टेकडी होती. वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. जमिनीत खोलवर तप्त रस थंड होऊन ती घडली. वरचे ओझे झिजून हलके होत गेले तसा दगड फुगला आणि त्याला आडव्या-उभ्या चिरा पडल्या, साबणाच्या वडीचे तुकडे पाडावेत तशा. चिरांतून पाणी मुरले. प्रत्येक तुकड्याचे कोपरे तीन बाजूंनी कुजले, कडा दोन बाजूंनी आणि सपाट अंग एकाच बाजूने. म्हणून आधी कोपरे गेले, मग कडा, आणि आत गोल गाभा शिल्लक राहिला. हे सारे मातीच्या आड, अंधारात घडले. नंतर पावसाने भोवतालची भुसभुशीत माती वाहून नेली आणि गाभे जिथल्या तिथे उघडे पडले. वरचा दगड खालच्यावर पडलेला नाही. दोघे मुळापासून असेच आहेत, मधले काय ते निघून गेले आहे.

"म्हणजे याला कोणी रचलं नाही, यातलं काढून घेतलंय," औषधवाले म्हणाले. सकाळपासून ते फार बोलले नव्हते.

याच जातीचा दगड आणि याच तऱ्हेच्या उघड्या घुमटाकार टेकड्या पुढे तेलंगणातून कर्नाटकात जातात. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर अनवाणी चढलेल्या प्रत्येकाच्या तळव्यांना तो ठाऊक असतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस चामुंडरायाने ज्या एका पाषाणातून ५७ फुटांचे भगवान बाहुबली घडवून घेतले, तो ग्रॅनाइटच. तिथेही काहीच रचलेले नाही. मूर्तीखेरीज जे होते ते काढून टाकले आहे. दिगंबर मंडळींना हे ऐकताना महामस्तकाभिषेकाच्या दिवसांतली गर्दी आठवली, आणि आडतदारांनी तेव्हा पायऱ्या चढताना किती वेळा विश्रांती घेतली होती, हा विषय निघाला. त्यांचा आकडा तीन, बाकीच्यांचा अकरा. जिंतूरजवळच्या नेमगिरीची गुहाही आठवली, जिथे पार्श्वनाथांची भव्य मूर्ती लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली आहे.

जेवणाला उशीर झाला होता. सर्वांत मोठ्या तोललेल्या दगडाखाली गार सावली होती. तिथे सतरंजी पडली, डबे उघडले. औषधवाल्यांनी आपले ताट घेतले आणि ते वीस पावले दूर, भर उन्हात, एका खुरट्या बाभळीच्या नावापुरत्या सावलीत जाऊन बसले.

"अरे, तिकडे कुठे? इकडे ये, वातानुकूलित आहे," आडतदारांनी हाक मारली.

"इथं बरं आहे."

"उन्हात बसून काय गोळ्या विकणार आहेस?" फरशीवाले म्हणाले. आणखी एक-दोन विनोद झाले. सरांनी मात्र हातातला घास ताटात ठेवला. त्यांना दिशा आठवली होती, सकाळी आपण हात करून दाखवलेली.

औषधवाले औसा तालुक्यातल्या एका खेड्यातले. वडिलांचे किराणा दुकान. ३० सप्टेंबर १९९३ ला त्यांचे वय नऊ वर्षे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गावात गणपती विसर्जनाची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चाललेली, आणि घरात दशलक्षण पर्वाची सांगता झालेली. आजीने दहा उपवास केले होते. सकाळी तिचे पारणे व्हायचे होते. क्षमावाणी तोंडावर आलेली. पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांत आजी होती आणि आजीच्या कुशीत झोपलेली पाच वर्षांची बहीण. मुलगा दुकानाच्या पत्र्याखाली झोपला होता, म्हणून वाचला. पुढे भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, तेव्हा त्यांच्या गावातली दोन मुलेही गेली. याला मामांनी लातूरला आणले. मित्रांना हे सर्व माहीत होते. वीस वर्षांच्या मैत्रीत ते दोनदा-तीनदा ऐकलेले होते. पण माहीत असलेली गोष्ट सतरंजी टाकताना आठवतेच असे नाही.

कोणी काही बोलले नाही. आडतदार उठले, उठायला त्यांना नेहमीच थोडा वेळ लागे. त्यांनी सतरंजीचे एक टोक धरले. दुसरे फरशीवाल्यांनी धरले. सतरंजी, डबे, कळशी असा सारा संसार वीस पावले उन्हात हलला. "सर, टोपी घाला. सावलीचे पैसे वाचवतोय हा," एवढेच आडतदार म्हणाले, आणि पाचही जण डोक्यावर रुमाल टाकून बाभळीच्या चार-सहा काड्यांच्या सावलीत जेवले. गट्ट्याची भाजी उन्हाने पुन्हा गरम झाली, हा एक फायदा.

जेवण झाल्यावर औषधवाल्यांनी स्वतःच विचारले. प्रश्न साधा होता, पण तो बहुधा सकाळपासून किंवा त्याहूनही कितीतरी आधीपासून मनात असावा. "सर, हा दगड एवढ्याशा टेकूवर उभा आहे. आमच्या भिंती तर अडीच फूट जाडीच्या होत्या. त्या का नाही उभ्या राहिल्या?"

सरांनी घाई केली नाही. ते म्हणाले, जाडी हाच घात होता. त्या भिंती म्हणजे एक भिंत नव्हतीच. दगडांच्या दोन पाळी, बाहेरची आणि आतली, आणि मध्ये माती व चिपा. दोन्ही पाळींना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. दगडही असेच, नदीनाल्यातले, गोल अंगाचे. त्यांची एकमेकांवर नीट बैठक नाही, मध्ये नुसता चिखल. त्यावर माळवद: लाकडी तुळया आणि फूट-दीड फूट पांढरी माती. दरवर्षी गळू नये म्हणून आणखी एक थर. घर उन्हाळ्यात गार राहत असे, पण डोक्यावर टनांनी ओझे होते. जमीन हलल्यावर दोन पाळी दोन दिशांना फुगल्या आणि छप्पर सरळ खाली आले. नंतर जी घरे दुरुस्त झाली त्यांत आरपार दगड आणि खिडक्यांवरून फिरणारा पट्टा घालायला शिकवले गेले, ते यासाठीच.

"आणि हा?" औषधवाल्यांनी वरच्या दगडाकडे बोट केले.

"याची बैठक सपाट आहे आणि मध्ये चिखल नाही. पण जोराचा धक्का बसला तर हाही जाईल." मग सरांनी एक गोष्ट सांगितली जी बाकी कोणाला ठाऊक नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून शास्त्रज्ञ अशा तोललेल्या दगडांचा अभ्यास करतात. एखादा दगड हजारो वर्षे तसाच उभा असेल, तर तेवढ्या काळात त्या जागी त्याला पाडण्याइतका धक्का बसलेला नाही, असे अनुमान निघते. जिथे लिहिलेला इतिहास नाही, तिथे दगड साक्ष देतो. किल्लारीला असा उभा दगड नव्हता. तिथली साक्ष जमिनीखालून काढावी लागली. भूकंपानंतर तिथे शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल विंधनविहीर घेतली. पहिले ३३८ मीटर काळा दगड लागला. मग आठ मीटरचा जुन्या गाळाचा थर, जो लाव्हा येण्यापूर्वी तिथे जमीन होती याची खूण. आणि त्याखाली अतिप्राचीन पायाचा खडक, या देगलूरच्या दगडाच्या कुळातला.

औषधवाले बराच वेळ समोर पाहत राहिले. "म्हणजे हाच आमच्याखाली आहे."

"हाच. तीनशे-साडेतीनशे मीटर खाली."

ते उठले, तोललेल्या दगडापाशी गेले आणि खालच्या दगडावर तळहात ठेवून उभे राहिले. वरच्याला त्यांनी हात लावला नाही. दोन-तीन मिनिटांनी परत आले आणि उरलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची चौकशी करू लागले. ती आडतदारांनी संपवली होती.

उतरताना टेकाडाच्या मागच्या अंगाला एक दगड दिसला. त्याच्या पाठीवर सरळ रेषेत, वीत-वीत अंतरावर भोके पाडलेली होती. फरशीवाल्यांनी ती लगेच ओळखली. भोकांत पाचर ठोकत गेले की रेषेवर दगड दुभंगतो. अर्धा भाग गेलेला होता. उरलेल्या अर्ध्याचा कापलेला पृष्ठभाग ताजा होता, त्यातला गुलाबी रंग ओल्या कापडासारखा गडद. मघाच्या थट्टेची आठवण कोणी करून दिली नाही. हैदराबादेत १९९६ पासून 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' नावाची संस्था असेच दगड वाचवण्यासाठी धडपडते आहे, असे सरांनी सांगितले. तिथे शहर वाढले तसे दगड संपत गेले, तेव्हा लोक जागे झाले. देगलूर-बिलोलीकडे अजून शहर एवढे वाढलेले नाही, म्हणून दगड आहेत. खडी कुठून तरी यावी लागते, ओटा कुठून तरी यावा लागतो, हेही खरेच. पण शंभर दगडांतले कोणते ठेवायचे, हे ठरवणारे कोणी असले तर काही बिघडणार नाही. फरशीवाल्यांनी भोके मोजली. चौदा होती. का मोजली ते त्यांनी सांगितले नाही.

होट्टलला पोहोचले तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. देगलूरजवळचे हे छोटे गाव कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या देवळांसाठी प्रसिद्ध आहे. सिद्धेश्वराच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर नर्तकी, वादक आणि सुरसुंदरी आहेत, आणि त्यांची बोटेसुद्धा शाबूत आहेत. खरोशाच्या पुसट चेहऱ्यांनंतर त्या पाहताना डोळ्यांना वेगळाच दिलासा मिळतो. औषधवाले देवळाच्या भिंतीला मात्र खेटून उभे राहिले, चिऱ्यांचे सांधे निरखीत. चिरा चिऱ्यात बसवलेला, मध्ये चुन्याचा लवलेश नाही. "यात आरपार दगड असतील," ते स्वतःशीच म्हणाले.

पाच वाजता, सूर्य हातभर वर असताना, देवळापासून थोड्या अंतरावर उरलेले थेपले, दशम्या आणि सकाळच्या म्हातारीने बळेच दिलेली गुळाची ढेप संपली. कळशीतले शेवटचे पाणी वाटून झाले आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतले गेले. त्याच वेळी फरशीवाल्यांचा फोन वाजला. कोणा गिऱ्हाइकाला स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी गुलाबी ग्रॅनाइट हवा होता, उद्याच्या उद्या. फरशीवाल्यांनी किंचित विचार केला. "काळा चालेल का बघा," ते म्हणाले, "कडप्पा. स्वस्तही पडेल." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. फरशीवाले ऐकत राहिले, आणि शेवटी उद्या दुकानावर या म्हणाले.

"कडप्पासुद्धा फोडूनच काढतात," कापडवाले म्हणाले.

"ठाऊक आहे मला," फरशीवाले म्हणाले, आणि मोटारीकडे चालू लागले.

उदगीरच्या चढाला लागेपर्यंत अंधार पडला. वेळ अमावास्येच्या रात्री शेतकरी कडब्याची पेटती पेंढी हातात घेऊन आपल्या शेताला फेरी घालतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दूर दूर, ठिणग्या उधळणाऱ्या ज्वाळा काळ्या रानातून धावत होत्या. चंद्र नसल्यामुळे फक्त त्याच दिसत होत्या, धरणारी माणसे दिसत नव्हती. आडतदार प्रत्येक ज्वाळेवरून शेत ओळखण्याचा प्रयत्न करीत होते आणि बहुतेक वेळा चुकत होते. सर पुढच्या जागेवर झोपी गेले होते. औषधवाल्यांनी काच खाली केली आणि गार वारा आत येऊ दिला.